निकालानंतरच्या मुलांची नोंद ठेवा : कोकण विभागीय मंडळास आणि शिक्षणसंस्थांस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कोकण विभागीय शिक्षण मंडळ, रत्नागिरी;
माननीय शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग;
दोन्ही जिल्ह्यांतील माध्यमिक शाळा चालवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी आणि मुंबईतील ग्रामस्थ मंडळांचे कार्यकर्ते

यांस सप्रेम नमस्कार.

२०२४ साली दहावीचा राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, तेव्हा कोकण विभागाचा ९९.०१ टक्के होता. २०२५ साली राज्याचा आकडा ९४.१० टक्क्यांवर उतरला, तेव्हाही कोकण ९८.८२ टक्क्यांवर होते. त्याच वर्षी बारावीला राज्यात ९१.८८ टक्के मुले उत्तीर्ण झाली आणि आपल्याकडे ९६.७४ टक्के. कोल्हापूर विभागातून वेगळे झाल्यापासून आपले मंडळ वरच्या क्रमांकावर आहे, आणि या यशामागे डोंगराळ वाड्यांतून चालत येणारी मुले, अपुऱ्या शिक्षकांनिशी चालणाऱ्या शाळा आणि स्वतः फारसे न शिकता मुलांच्या शिक्षणावर पोटाला चिमटा काढून खर्च करणारे पालक आहेत, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे या आकड्यांचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. उत्तीर्ण झालेल्या या मुलांपैकी किती जण वर्षभराने अकरावीच्या वर्गात प्रत्यक्ष बसलेले असतात, किती आयटीआयमध्ये, किती तंत्रनिकेतनात, किती मुंबईत कामाला आणि किती घरी, याचे उत्तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोणत्याही एका कार्यालयाकडे नाही. तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी काय होते, हा तर पुढचाच प्रश्न.

शाळा संपल्यापासून महाविद्यालय आणि रोजगार यांत स्थिर होईपर्यंतचा काळ हाच माझ्या संशोधनाचा विषय राहिला. कोकण रेल्वेचे काम चालू होते त्या सुमारास मी या विषयाकडे वळले आणि संगमेश्वर, लांजा, राजापूर, देवगड, कुडाळ या तालुक्यांतील शाळांच्या दहावीच्या तुकड्यांचा, म्हणजे एका वर्षी दहावी झालेल्या सगळ्या मुलांचा, माग काढत आले. या कामातून माझ्या हाती जे लागले त्याच्या आधारे आपणांकडे एकच मागणी करायची आहे : दहावी आणि बारावीच्या प्रत्येक तुकडीची पुढील पाच वर्षांची नोंद मंडळाने आणि शाळांनी मिळून ठेवावी, आणि निकालाइतक्याच नियमितपणे ती प्रसिद्ध करावी.

आज नोंद कुठे थांबते ते आधी सांगते. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. ते कायम जतन करायचे असते आणि बहुतेक शाळांनी ते चांगले जपलेही आहे. काही जुन्या शाळांतील मोडी वळणाच्या अक्षरातील रजिस्टरे मी स्वतः हाताळली आहेत. या रजिस्टरात आणि त्यावरून दिल्या जाणाऱ्या दाखल्यात शाळा सोडल्याचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असतो. त्यात ‘इ. १० वी उत्तीर्ण’ किंवा ‘पुढील शिक्षणासाठी’ एवढे लिहिले जाते आणि त्या मुलाचा शाळेशी असलेला कागदोपत्री संबंध संपतो. पुढील शिक्षण झाले की नाही, हे त्या रकान्याला कधीच कळत नाही.

त्यानंतर मुलापुढे तीन दारे असतात. अकरावीचा प्रवेश शालेय शिक्षण विभागाकडे, आयटीआयचा प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आणि पदविकेचा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. तिन्हींचे अर्ज वेगळे, संकेतस्थळे वेगळी, वेळापत्रके वेगळी. प्रत्येक संचालनालय आपल्या दारातून आत आलेल्यांची यादी चोख ठेवते. पण तिन्ही याद्यांत ज्याचे नाव नाही असे मूल कोणाचेच नसते. एखाद्या मुलाने तिन्हीकडे अर्ज केला, आयटीआयमध्ये जागा मिळाली म्हणून अकरावी सोडली आणि दोन महिन्यांनी आयटीआयही सोडले, तर तो एका ठिकाणी प्रवेश न घेतलेला, दुसऱ्या ठिकाणी गळती झालेला आणि प्रत्यक्षात अंधेरीच्या एखाद्या दुकानात कामाला लागलेला असतो. या तिन्ही गोष्टी एकाच मुलाविषयी आहेत, हे जोडून पाहणारे कोणी नाही. सिंधुदुर्गात आणखी एक गुंता आहे. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतील पुष्कळ मुले गोव्यात शिकायला किंवा कारखान्यांत कामाला जातात, आणि राज्याची हद्द ओलांडली की आपल्या याद्यांतून ती पूर्णपणे निसटतात.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. ज्या गावात एकाच हायस्कूलला जोडलेले एकच कनिष्ठ महाविद्यालय आहे, तिथे पसंतीक्रम भरायला लावणे हा पालकांना निव्वळ जाच वाटला, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरीही या प्रक्रियेमुळे एक गोष्ट प्रथमच शक्य झाली आहे. दहावीचा बैठक क्रमांक आणि अकरावीचा प्रवेश यांची सांगड आता सरकारी नोंदीतच उपलब्ध आहे. आयटीआय आणि पदविकेच्या अर्जांतही दहावीचा तपशील भरावा लागतोच. म्हणजे तीन याद्या एकमेकींशी ताडून पाहण्यासाठी नवे सर्वेक्षण लागत नाही. तिन्ही खात्यांनी एका टेबलाशी बसावे लागते, आणि हेच बहुधा सर्वांत अवघड आहे.

मी मुले शोधत असे ती गणपतीत आणि शिमग्यात. चाकरमानी गावी येतो तो या दोन सणांना, म्हणून माझ्या कामाचा खरा हंगाम तोच. सरकारी सर्वेक्षणे ज्या महिन्यांत होतात त्या महिन्यांत आमच्या वाड्यांतील घरांत म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतात, आणि ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला ‘मुंबैक असता’ एवढे उत्तर मिळते, जे खरे असूनही अभ्यासाच्या उपयोगाचे नसते. मुलांचे फोन क्रमांक वर्षाच्या आत बदलतात. त्यांचा पत्ता टिकून राहतो तो आईच्या स्मरणात आणि गावच्या मंडळाच्या वर्गणीच्या वहीत. मुलींचा माग काढणे याहून कठीण. लग्नानंतर नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते, आणि शाळेच्या रजिस्टरातील मुलगी व सासरच्या शिधापत्रिकेवरील सून ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करायला माहेरच्या उंबऱ्याखेरीज दुसरा पुरावा उरत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ज्या जिल्ह्यात मागे राहणाऱ्या स्त्रियांची संख्या एवढी आहे, तिथे शिकलेल्या मुलींचे पुढे काय झाले हे कोणालाच ठाऊक नसणे मला अतिशय खटकत आले आहे.

या कामात जे दिसले त्यातील मुख्य गोष्ट अशी की शाळेतून कामाकडे जाण्याचा प्रवास सरळ नाही. आपली सगळी कागदपत्रे असे गृहीत धरतात की मूल एका दिवशी विद्यार्थी असते आणि दुसऱ्या दिवशी नोकरदार किंवा बेकार. प्रत्यक्षात राजापूर तालुक्यातला मुलगा बारावीनंतर मुंबईत मामाकडे जातो, कुरियरच्या कामाला लागतो, खोलीचे भाडे परवडेनासे झाले की एप्रिलमध्ये आंब्याच्या हंगामाला घरी येतो, जूनमध्ये आयटीआयच्या एखाद्या ट्रेडला अर्ज करतो, मधल्या काळात लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबतो, आणि या सगळ्यात तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला त्याचे नाव दाखल असते. हजेरीपटावर तो विद्यार्थी आहे, ठेकेदाराच्या वहीत कामगार आणि गावाच्या दृष्टीने ‘अजून काही करत नाही’. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात तो पटावरचा एक आकडा म्हणून मोजला जातो. २०२१-२२ च्या त्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचे सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणात नाव असलेल्यांचे प्रमाण, ३५.३ टक्के आहे, तर देशाचे २८.४. या ३५.३ मध्ये असे नावापुरते विद्यार्थी किती, हे तो आकडा सांगू शकत नाही, कारण नोंदणी मोजण्यासाठीच तो तयार झाला आहे.

दुसरी गोष्ट निवडीविषयीची. मुलांनी आवड आणि कुवत ओळखून शाखा निवडावी, असे मार्गदर्शनाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितले जाते आणि ते ऐकताना मला नेहमी एसटीचे वेळापत्रक आठवते. मुलगी विज्ञान शाखेला जाणार की कला शाखेला, हे आमच्याकडे पुष्कळदा सकाळची गाडी किती वाजता सुटते आणि संध्याकाळची शेवटची फेरी वाडीच्या फाट्यावर अंधार पडण्यापूर्वी पोहोचते की नाही, यावर ठरते. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसेल तर गुण कितीही असोत, ती कला शाखेला जाते. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. बारावी झाली की ती सवलत संपते, आणि नेमके तिथूनच महाविद्यालय आणखी लांब जाते. २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हा निर्णय चांगलाच आहे. परंतु शुल्क माफ झाले तरी वसतिगृहाचा खर्च उरतो आणि मुलीला लांब ठेवण्याची धास्तीही उरते. या निर्णयाने कोकणातील किती मुली पुढे शिकल्या, हे मोजायचे झाले तर तुकडीची नोंद लागेल, जी नाही.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण टाळण्यासारखी नाही. हापूसच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसे आहेत; मिरकरवाडा, हर्णे, मालवण येथील नौकांवर परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी आहेत; आणि त्याच वाड्यांतील दहावी-बारावी झालेली मुले मुंबईत त्याहून फारशा बऱ्या नसलेल्या कामांवर आहेत. याचा अर्थ आपली मुले आळशी आहेत, असा काढणारे लोक सर्वत्र भेटतात. माझा अनुभव तसा नाही. बागेत किंवा नौकेवर काम करणे म्हणजे शिक्षण वाया गेल्याची कबुली, अशी समजूत घराने आणि शाळेने मिळून घडवली आहे, आणि या धंद्यांत शिकलेल्या माणसासाठी वरची पायरी कोणती, हे त्या मुलांना कोणी दाखवलेले नाही. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. परंतु नौकेवर वाढलेली मुले त्या महाविद्यालयाच्या वर्गांत मला फार थोडी भेटली. ऑगस्टच्या सुरुवातीला मासेमारीवरील पावसाळी बंदी उठून नौका पाण्यात जातात तेव्हाच अकरावीचे वर्गही सुरू होत असतात, आणि वडिलांना हातभार लावणारा मुलगा पहिल्याच महिन्यात मागे पडतो. शैक्षणिक वर्षाच्या आखणीत समुद्राचा विचार करावा असे कोणाला वाटले नाही, कारण हा मुलगा मागे पडतो हेच कुठे लिहिलेले नाही.

नोंद नसल्याने योजनांचेही मूल्यमापन होत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडवण्याचे ठरवले. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटातील केवळ ५.६ टक्के मुले तेव्हा व्यवसाय प्रशिक्षण घेत होती. आपल्याकडे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत चालले. त्यातून बाहेर पडलेली मुले त्याच व्यवसायात राहिली का, याची विचारपूस झाली नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली, प्रत्येकाला अहवाल मिळाला. ज्याचा कल तांत्रिक क्षेत्राकडे दाखवला तो मुलगा पुढे कुठे गेला, हे पाहिले असते तर ती चाचणी उपयुक्त होती की नाही हे तरी कळले असते. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना दरमहा सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन मिळाले. मुदत संपल्यावर त्यातील किती जण नोकरीवर राहिले, हाच त्या योजनेचा खरा निकाल. तो एखाद्या तालुक्यापुरता का होईना, तयार करण्याची सोय आपल्याकडे असती तर बरे झाले असते.

अन्यत्र हे झालेले आहे, म्हणून ते अशक्य नाही. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या सर्व मुलांचा अभ्यास सुरू झाला आणि ती माणसे वृद्ध होईपर्यंत चालू राहिला. अमेरिकेत १९७२ साली शाळा संपवणाऱ्या विद्यार्थ्यांचा मागोवा १९८६ पर्यंत घेतला गेला आणि त्यानंतरच्या तुकड्यांसाठी असे अभ्यास पुन्हा पुन्हा हाती घेतले गेले. आपल्या देशात आंध्र प्रदेश आणि तेलंगणात २००२ पासून ‘यंग लाइव्ह्ज’ या प्रकल्पाने सुमारे तीन हजार मुलांना बालपणापासून तारुण्यापर्यंत वेळोवेळी भेटून नोंदी केल्या. त्या मानाने आमचे काम आटोपशीर आहे. कोकण विभाग हा राज्यातील सर्वांत लहान विभाग. दहावीला दरवर्षी बसणारी मुले तीस हजारांच्या आत, शाळांची पटसंख्या लहान, आणि मुख्याध्यापक विद्यार्थ्यांच्या घरांना नावानिशी ओळखतात. २००१ ते २०११ या काळात राज्यात मुंबई शहर वगळता केवळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. माणसे कुठे जातात हे जाणून घेण्याची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांनाच हे काम सर्वांत सोपे आहे.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. निवडणूक, जनगणना, पोषण आहार, निरनिराळ्या ऑनलाइन माहित्या यांतून वर्गात शिकवायला वेळ उरत नसताना आणखी एक नोंदवही त्यांच्या माथी मारू नये. म्हणूनच मुंबईतील ग्रामस्थ मंडळांना या पत्रात मुद्दाम सामील केले आहे. आमच्याकडील कित्येक हायस्कुले याच मंडळांनी चाळीतल्या खोल्यांत बैठका घेऊन, वर्गणी गोळा करून उभी केली. आजही गुणवंतांचा गुणगौरव ती दरवर्षी करतात. सत्काराच्या कार्यक्रमाला जे येतात त्यांच्याबरोबरच जे येत नाहीत त्यांची यादीही त्यांनी ठेवली, आणि गणपतीत गावी आल्यावर वाडीवाडीतून ती पुरी केली, तर शाळेच्या शिक्षकाला फक्त ती तपासून रजिस्टराशी जुळवावी लागेल. शाळांकडे जमलेल्या माहितीचे विश्लेषण करण्यास रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था समर्थ आहेत, आणि महाविद्यालयांतील समाजशास्त्र व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून चांगले क्षेत्रकार्य मिळणार नाही.

संस्थाचालकांच्या मनातील भीती निराळी आहे आणि ती सहसा बोलून दाखवली जात नाही. मागे एका संस्थेने मला रजिस्टर पाहू दिले, परंतु निष्कर्ष शाळेच्या नावाने छापू नयेत म्हणून आग्रह धरला. शंभर टक्के निकालाच्या फलकाशेजारी दुसरा काही आकडा नको होता. मला ही भीती समजते. म्हणून माझी स्पष्ट सूचना आहे की या नोंदींवरून शाळांची क्रमवारी लावण्यास मंडळाने लेखी मनाई करावी आणि प्रसिद्धी तालुकावार करावी. मुलांची नावे व संपर्क कोणालाही देऊ नयेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेऊन दहावीच्या आवेदनपत्राबरोबरच पालकांची संमती घ्यावी आणि ज्यांना नोंद नको असेल त्यांना ती नाकारता यावी. क्लासवाल्यांच्या आणि खासगी महाविद्यालयांच्या दलालांच्या हाती ही यादी पडली तर पालक पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हेही सांगून ठेवते.

सुरुवात लहान असावी. येत्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांतून प्रत्येकी एक तालुका घ्यावा. माझ्या मते रत्नागिरीतून राजापूर आणि सिंधुदुर्गातून देवगड, कारण या दोन्हींत बागायत, मासेमारी आणि मुंबईकडे जाणारी वाट एकत्र आहेत. त्या तालुक्यांतील दहावीची यादी अकरावी, आयटीआय आणि पदविका प्रवेशांच्या याद्यांशी मंडळाने सप्टेंबरअखेर ताडून घ्यावी, आणि तिन्हींत न सापडलेल्या मुलांची यादी संबंधित मुख्याध्यापकांकडे व ग्रामस्थ मंडळांकडे पाठवावी. त्या मुलाला भेटायचे, विचारायचे आणि प्रवेशाची मुदत असेल तर परत आणायचे. पहिल्या वर्षी एवढे झाले तरी पुरेसे आहे. बारावीची तुकडी आणि पाच वर्षांचा पल्ला त्यानंतर हाती घेता येईल.

माझ्या नोंदवह्या, नावे झाकून, मंडळास देण्याची माझी तयारी आहे. प्रश्नावलीचा मराठी मसुदाही तयार आहे. तो मालवणी आणि संगमेश्वरी बोलणाऱ्या घरांत वापरून पाहिलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मंडळाने तिन्ही संचालनालयांच्या जिल्हा अधिकाऱ्यांची संयुक्त बैठक रत्नागिरीत बोलवावी आणि त्या बैठकीस शाळांचे व ग्रामस्थ मंडळांचे प्रतिनिधी निमंत्रित करावेत, ही विनंती. बैठकीची तारीख कळवल्यास मी वह्यांसह उपस्थित राहीन.

आपली विश्वासू,
एक शिक्षण-संशोधक
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी